नामाडिकस हत्तीची खंडित कवटीवरून ओळख

नामाडिकस हत्ती (शास्त्रीय नाव: पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस) ही प्लाइस्टोसीन काळात भारतीय उपखंडात वावरणारी, आता लुप्त झालेली हत्तीची प्रजाती आहे. तिचे जीवाश्म प्रामुख्याने नर्मदा व गोदावरी या नद्यांच्या जुन्या गाळात सापडतात. महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध अवशेष म्हणजे नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे मिळालेली कवटी. या प्रजातीची संपूर्ण कवटी क्वचितच हाती लागते; बहुतेक वेळा सुटी दाढ, जबड्याचा तुकडा, सुळ्याच्या खोबणीचा भाग किंवा कवटीच्या मागील बाजूचे हाड एवढेच मिळते. अशा तुकड्यावरून प्राण्याचे नाव कोठवर सांगता येते आणि कोठे थांबावे लागते, हा पुराजीवविज्ञानातील जुना प्रश्न आहे. दख्खनमध्ये हत्ती, पाणघोडे व रानबैल केव्हा होते आणि केव्हा नाहीसे झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते.

नाव

इजिप्तमधील भूगोलवेत्ता टॉलेमी याने नर्मदेचा उल्लेख 'नामाडोस' असा केला आहे. त्यावरून ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांनी १८४६ मध्ये या हत्तीला 'एलेफास नामाडिकस' हे नाव दिले. फाल्कनर हे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते, तर कॉटली हे गंगा कालव्याचे अभियंता. भारतातील लुप्त सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाचा पाया या दोघांनी घातला. पॅलिओलॉक्सोडॉन हे नाव हिकोशिचिरो मात्सुमोतो या जपानी शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये सुचवले. आफ्रिकी हत्तीचे वंशनाम 'लॉक्सोडॉन्टा' असे आहे आणि त्याला 'पुरातन' या अर्थाचे ग्रीक पद जोडून हे नाव बनले. दाढेवरील चौकटी आफ्रिकी हत्तीच्या दाढेची आठवण करून देतात, हे त्यामागील कारण.

कवटी का फुटते

हत्तीची कवटी बाहेरून भक्कम दिसते, परंतु तिचे हाड आतून पोकळ असते. कवटीच्या बाहेरील व आतील पातळ पत्र्यांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात. एवढे मोठे डोके मानेवर पेलण्यासाठी वजन कमी राखण्याची ही सोय आहे. प्राणी मेल्यानंतर मात्र हीच रचना त्याच्या कवटीच्या मुळावर येते. पुराच्या पाण्यात गोट्यांवर आदळून कप्प्यांच्या भिंती कोसळतात, कपाळाचा भाग चुरा होतो आणि घट्ट, जड भाग तेवढे उरतात: दाढा, खालच्या जबड्याची फांदी, कानाजवळचे कठीण हाड आणि मणक्याशी सांधणारे मागचे दोन गोळे.

पोळ्यासारख्या कप्प्यांचा एक उपयोगही होतो. नदीच्या दरडीत सापडलेल्या जाड, कप्पेदार हाडाच्या एका ढलपीवरून, दुसरे काहीही नसताना, तो हत्तीकुळातील प्राण्याच्या कवटीचा भाग असावा असा तर्क करता येतो. दख्खनमधील गायी-म्हशींच्या किंवा गेंड्याच्या कवटीत एवढ्या प्रमाणावर असे कप्पे नसतात. पण तर्क एवढ्यावरच थांबतो. हत्तीकुळातील कोणता, हे त्या ढलपीवरून सांगता येत नाही.

दाढांवरून ओळख

हत्तीला जन्मभरात जबड्याच्या प्रत्येक बाजूला सहा दाढा येतात, परंतु त्या एकाच वेळी वापरात नसतात. मागील दाढ पुढे सरकत जाते आणि पुढची झिजून तुकड्यांनी गळून पडते. त्यामुळे सुटी दाढ हातात आली की पहिला प्रश्न प्रजातीचा नसून क्रमाचा असतो. ही सहांपैकी कितवी? लहान वयातील दाढेत पट्टिका कमी व शेवटच्या दाढेत जास्त असतात. त्यामुळे क्रम चुकला तर पुढील सर्व तुलना चुकते.

हत्तीची दाढ म्हणजे एकापुढे एक उभ्या लावलेल्या चपट्या पट्टिकांची जुडी होय. प्रत्येक पट्टिकेभोवती इनॅमलचे वेष्टन असते व मधल्या फटी सिमेंट नावाच्या हाडासारख्या पदार्थाने भरलेल्या असतात. चघळण्याने वरचा भाग झिजला की पट्टिकांचे आडवे छेद दिसू लागतात. त्यांची आकृती हीच ओळखीची मुख्य खूण आहे. आजच्या आशियाई हत्तीत हे छेद अरुंद व दोन्ही कडा जवळजवळ समांतर असलेले असतात. आफ्रिकी हत्तीत ते स्पष्ट शंकरपाळ्यासारखे दिसतात. नामाडिकसमध्ये छेद लांबट असून मध्यभागी टोकदार फुगवटा असतो व इनॅमलची कड बारीक चुण्यांची असते. झीज सुरू होतानाच्या अवस्थेत एकाच पट्टिकेवर दोन टोकांना लहान वर्तुळे व मध्ये लांबट कडे असा नमुना दिसतो. पॅलिओलॉक्सोडॉन वंशाची ही जुनी आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह खूण मानली जाते. दहा सेंटिमीटर लांबीत किती पट्टिका बसतात, दाढेच्या उंचीचे रुंदीशी प्रमाण किती आणि इनॅमलची जाडी किती, ही मोजमापे त्यासोबत घेतली जातात.

दख्खनच्या गाळात आणखी एक हत्तीसदृश प्राणी आढळतो, तो म्हणजे स्टेगोडॉन. त्याच्या नावाचा अर्थच 'छपरासारखा दात' असा आहे. त्याच्या दाढा बुटक्या असून त्यांवरील कंगोरे कौलारू छपरांच्या रांगेसारखे दिसतात; फटींतील सिमेंट कमी असते. त्यामुळे दाढेचा हातभर नव्हे, बोटभर तुकडा मिळाला तरी स्टेगोडॉन व नामाडिकस यांची गल्लत सहसा होत नाही. स्टेगोडॉनच्या एका सिवालिक प्रकाराला फाल्कनर व कॉटली यांनी 'गणेसा' हे नाव दिले होते, हे येथे सहज नोंदवण्यासारखे आहे.

अडचण पुढे येते. दाढ पॅलिओलॉक्सोडॉनची आहे हे ठरले, तरी ती भारतातील नामाडिकसची की युरोपातील पॅलिओलॉक्सोडॉन अँटिक्वस या सरळ सुळ्यांच्या हत्तीची, हे दाढेवरून खात्रीने सांगता येत नाही. दोन्हींच्या दाढा इतक्या सारख्या आहेत की अनेक अभ्यासकांनी दीर्घकाळ त्यांना एकाच प्रजातीचे मानले. या वादाचा निकाल कवटीच्या माथ्यावर होतो, आणि माथाच सर्वांत आधी फुटतो.

माथ्यावरील कंगोरा

आशियाई हत्तीच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात. संस्कृत व मराठी काव्यात ज्यांना कुंभस्थळ म्हटले आहे तेच हे. नामाडिकसच्या कवटीवर असे दोन कुंभ ठळक नसतात. त्यांच्या जागी कपाळाच्या वरच्या कडेवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेलेला हाडाचा जाड, आडवा कंगोरा असतो. पूर्ण वाढलेल्या नरात तो पुढे झुकून कपाळावर छज्जासारखा येतो. पार्श्विका व पश्चकपाल ही हाडे जेथे मिळतात त्या भागात तो तयार होतो. मानेचे स्नायू साधारणतः कवटीच्या मागील बाजूस जोडलेले असतात. या हत्तीत ते माथ्यावरून पुढे सरकलेले असावेत व कंगोरा हा त्यांचा आधार असावा, असे मानले जाते. डोके अतिशय मोठे व जड असल्याने मानेला हा जादा आधार लागत असे. सुळ्यांच्या खोबण्याही खाली जाताना रुंद पसरलेल्या असतात. म्हणून वरच्या जबड्याच्या पुढील हाडाचा तुकडा हाती आला, तर त्यालाही किंमत असते.

युरोपातील अनेक कवट्यांत कंगोरा क्षीण, तर भारतातील कवट्यांत ठळक दिसतो. हारुओ साएगुसा व हेन्री गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये या दोन प्रकारांना 'श्टुटगार्ट रूप' व 'नामाडिकस रूप' अशी नावे दिली. मात्र नुसता कंगोरा पाहून नाव देणे धोक्याचे आहे. आस्येर लारामेंडी व सहकाऱ्यांनी नंतर दाखवून दिले की कंगोरा वयाबरोबर वाढतो व मादीपेक्षा नरात अधिक ठळक होतो. म्हणजे तरुण नामाडिकसची कवटी युरोपीय हत्तीसारखी भासू शकते व वृद्ध युरोपीय नर नामाडिकससारखा. समान वयाच्या कवट्यांची तुलना केल्यावरही भारतीय रूपात कंगोरा अधिक टोकाला गेलेला दिसतो आणि दोन वेगळ्या प्रजाती मानण्यास तो आधार ठरतो. पण वय माहीत नसेल तर त्या आधाराचा उपयोग नाही. वय कळते दाढांवरून. म्हणून एकाच कवटीचा माथा व दाढ दोन्ही मिळाले तरच ओळख पक्की होते. संग्रहालयात वेगळ्या पेट्यांत ठेवलेली, कोणत्या जागी एकत्र सापडली याची नोंद नसलेली दाढ व कंगोऱ्याचा तुकडा यांतून हे ज्ञान निघत नाही.

पंपोरची कवटी

या पद्धतीचे अलीकडील व बोलके उदाहरण काश्मीरमधील आहे. श्रीनगरजवळच्या पंपोर येथे २००० मध्ये एका मोठ्या हत्तीची कवटी सापडली. जम्मू विद्यापीठातील भूवैज्ञानिक गुलाम भट यांच्या गटाने ती बाहेर काढली. तिच्यासोबत ८७ दगडी हत्यारेही मिळाली. या कवटीचा कंगोरा क्षीण होता. सोपे उत्तर असे की प्राणी तरुण असावा. परंतु दाढांच्या झिजेवरून तो पूर्ण वाढलेला ठरला, व आकारावरून नर. म्हणजे क्षीण कंगोऱ्याचे कारण वय किंवा लिंग नव्हते. अद्वैत जुकर व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ही कवटी पॅलिओलॉक्सोडॉन टर्कमेनिकस या प्रजातीशी जोडली. १९५५ मध्ये तुर्कमेनिस्तानातील एका कवटीवरून तिचे नाव दिले गेले होते व ती प्रजाती खरोखर वेगळी आहे की नाही याबद्दल तोवर शंका होती. दाढा जपून ठेवल्या नसत्या तर पंपोरची कवटी 'नामाडिकस, तरुण' अशी नोंदली गेली असती आणि कोणाला वावगेही वाटले नसते.

तुकड्याने दिलेला चकवा: ग्लॉसोथेरियम

खंडित कवटी अभ्यासकाला किती फिरवते, याचे जुने उदाहरण दक्षिण अमेरिकेतील भूस्लॉथ या लुप्त प्राण्यांचे आहे. झाडावर उलटे लटकणाऱ्या आजच्या स्लॉथचे हे जमिनीवर चालणारे नातलग. त्यांतील काही हत्तीएवढे मोठे होते. चार्ल्स डार्विन याने बीगल जहाजावरील प्रवासात आजच्या उरुग्वेमधील सारांदी ओढ्याच्या परिसरातून एका कवटीचा केवळ मागील तुकडा आणला. त्याच प्रवासात अर्जेंटिनातील पुंता आल्ता येथे त्याला एका वेगळ्या प्राण्याचा खालचा जबडा मिळाला होता. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी दोन्हींचा अभ्यास केला. कवटीच्या तुकड्यात जिभेच्या मज्जातंतूचे छिद्र विलक्षण मोठे होते. त्यावरून जीभ मोठी व चपळ असावी, प्राणी मुंगीखाऊसारखा असावा असे अनुमान करून ओवेन यांनी त्याला 'ग्लॉसोथेरियम', म्हणजे जिभेचा प्राणी, असे नाव दिले. जबड्याला 'मायलोडॉन डार्विनी'. पुढे १८४२ मध्ये अधिक पूर्ण सांगाडा पाहिल्यावर हे दोन्ही एकच असे त्यांना वाटले व ग्लॉसोथेरियम हे नाव त्यांनी मागे घेतले. विसाव्या शतकात अधिक कवट्या मिळाल्यावर ते पुन्हा वेगळे ठरले आणि नावही परत आले.

यात ओवेन यांचा निष्काळजीपणा नव्हता. कवटीचा मागील भाग व खालचा जबडा यांत समान असा एकही भाग नसतो; ज्यांची तुलनाच होऊ शकत नाही असे दोन तुकडे एक की दोन, हे त्या तुकड्यांकडे कितीही पाहून ठरत नाही. दख्खनमधील दाढ आणि नर्मदेची कवटी यांच्यातील नाते याच जातीचे आहे.

महाराष्ट्र व सीमाभागातील अवशेष

दख्खनच्या पठाराचा पाया लाव्हारसाच्या थरांचा आहे. या बेसॉल्ट खडकाचा बहुतांश भाग हत्तींच्या कितीतरी आधीचा व त्यात त्यांची हाडे मिळण्याची शक्यता नाही. हाडे टिकली ती नद्यांनी साठवलेल्या गाळात, विशेषतः चुन्याने घट्ट बांधलेल्या गोट्या-वाळूच्या थरांत. या थरांची जाडी हिमालयाच्या पायथ्याच्या मानाने फारच कमी असल्याने येथील जीवाश्म तुरळक व विखुरलेले आहेत.

गोदावरीच्या गाळातील हाडांकडे एकोणिसाव्या शतकातच लक्ष गेले होते. १८६५ मध्ये ए. बी. विन यांना पैठणजवळच्या मुंगी येथे हाडे असलेल्या गाळात अकीक दगडाचे मानवनिर्मित पाते मिळाले. नांदूर मध्यमेश्वरच्या हत्तीच्या कवटीचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये सर्वेक्षणाच्या 'रेकॉर्ड्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'एलेफास अँटिक्वस' हे नाव असून 'नामाडिकस' कंसात आहे. युरोपीय व भारतीय हत्ती एकच, ही तेव्हाची भूमिका त्या कंसात दिसते. आज नामाडिकस कंसाबाहेर आला आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचा हा परिसर आता पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जातो व २०२० मध्ये तो महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरला. तेथे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हत्तीच्या कवटीची वार्ता ठाऊक असते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमुळे या अभ्यासाला महाराष्ट्रात स्थिर घर मिळाले. ह. धी. सांकलिया यांच्या गटाला गोदावरीकाठच्या काळेगाव येथे लुप्त रानबैलाचे अवशेष दगडी हत्यारांच्या संगतीत आढळले. तेथील पुराजीवशास्त्रज्ञ गि. ल. बदाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांवरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला व दीर्घकाळ तो या विषयाचा मुख्य संदर्भ राहिला. घोड नदी व मराठवाड्यातील मांजरा नदीच्या गाळातूनही हत्ती, पाणघोडा व इतर प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत.

कृष्णा खोऱ्याचे चित्र वेगळे आहे. साताऱ्यातील रहिमतपूर-कराड भागापासून सांगलीपर्यंत नदीकाठी गाळाची सुपीक जमीन असली, तरी खोऱ्यातील सर्वांत गाजलेला जीवाश्म दक्षिणेकडे, बेळगाव जिल्ह्यातील गोकाकजवळ मिळाला. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी तेथील जबडे व दात यांच्या अवशेषांवरून १८७४ मध्ये 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस' या लुप्त गेंड्याचे वर्णन केले. आज ज्या पट्ट्यात ऊस व ज्वारी दिसते तेथे एकेकाळी गेंडा चरत होता, हे प्रथम त्या तुकड्यांनी सांगितले. कृष्णेच्या घाटमाथ्याकडील भागात अशी हाडे का दुर्मीळ आहेत याचे एक कारण नदीच्या स्वरूपात आहे: उगमाकडे गाळ साठण्यापेक्षा वाहून जाण्याचे प्रमाण अधिक असते.

काळ ठरवण्यातील अडचण

तुकड्याला नाव मिळाले तरी त्याचे वय वेगळे ठरवावे लागते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याचे वय काही मोजणींनुसार १४ लाख वर्षे, काहींनुसार सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे, तर काही अभ्यासकांच्या मते ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची राख आहे. राखेचेच वय एवढे वादग्रस्त असेल तर तिच्या खाली-वर सापडणाऱ्या हाडांबद्दल घाईने बोलणे योग्य नाही. शिवाय पूर जुनी हाडे उकरून नव्या थरात टाकतो. गोलसर घासलेली दाढ व कडा धारदार असलेली दाढ शेजारी पडलेल्या असल्या, तरी त्या एका काळच्या असतीलच असे नाही.

युरोपातील सरळ सुळ्यांच्या हत्तीच्या हाडांतून २०१७ मध्ये डीएनए मिळवण्यात आले व त्याचे आफ्रिकेतील जंगली हत्तीशी जवळचे नाते समोर आले. उष्ण प्रदेशातील हाडांत डीएनए सहसा टिकत नाही. दख्खनच्या तुकड्यांसाठी म्हणून आजही कंगोरा, दाढ व मोजपट्टी हीच मुख्य साधने आहेत.

आकाराचे अंदाज

नामाडिकस हा पृथ्वीवर होऊन गेलेला सर्वांत मोठा भूचर सस्तन प्राणी होता, असे अनेकदा लिहिले जाते. याचा आधार लारामेंडी यांचा २०१६ चा अंदाज आहे: खांद्याशी सुमारे ५.२ मीटर उंची व २२ टन वजन. हा अंदाज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातील मांडीच्या हाडाच्या एका तुकड्यावरून केलेला असून स्वतः लेखकानेही तो सावधपणे घ्यावा असे म्हटले आहे. कवटीप्रमाणेच येथेही एका तुकड्यावर फार मोठा भार टाकलेला आहे. पाठ्यपुस्तकात हा आकडा देताना 'सुमारे' हा शब्द गाळला जाऊ नये.

लोप

दक्षिण अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीस भूस्लॉथांसह बहुसंख्य महाकाय सस्तन प्राणी नाहीसे झाले. भारतीय उपखंडात तसे झाले नाही. जुकर व सहकाऱ्यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार येथे नामाडिकस हत्ती, स्टेगोडॉन, एक पाणघोडा व एक रानबैल हे मोठे सस्तन प्राणी लुप्त झाले. ही घट सुमारे ३० हजार वर्षांपूर्वी सुरू झाली असावी. आशियाई हत्ती व गेंडा मात्र टिकून राहिले. शेवटचा नामाडिकस केव्हा होता, या प्रश्नाचे उत्तर वरच्या थरांतील मोजक्या तुकड्यांवर अवलंबून आहे आणि नेमक्या त्याच तुकड्यांत आशियाई हत्तीच्या दाढा मिसळलेल्या असू शकतात. अगदी झिजून दोन-तीन पट्टिका उरलेल्या दाढेत मधला फुगवटा पुसट होतो. अशी एक दाढ चुकीच्या नावाने नोंदली गेली तर लोपाची तारीख हजारो वर्षांनी पुढे-मागे सरकते. त्यामुळे जुन्या संग्रहांतील दाढांचे पुन्हा मोजमाप घेण्याला महत्त्व आहे. नदीपात्रातील वाळू उपशात निघणाऱ्या हाडांबाबत मुख्य हानी हाड फुटण्याने होत नाही. ते कोणत्या थरातून व कशाच्या शेजारून निघाले ही माहिती त्याच क्षणी नष्ट होते, आणि नंतर हाड चिकटवता आले तरी ती परत मिळत नाही.